डॉसच्या जुन्या प्रोग्रामातून नव्या कॉम्प्युटरवर प्रिंट काढायची सगळी पद्धत

लातूरचा मोंढा घ्या नाहीतर परभणी-जालन्याचा, काही आडत दुकानांत गादीमागच्या टेबलावर अजूनबी डॉसचा, म्हणजे विंडोजच्या आधीच्या काळातला, हिशोबाचा प्रोग्राम चालतो, क्लिपर नाहीतर फॉक्सप्रोमध्ये कुणीतरी लिहून दिलेला, निळ्या पडद्याचा, आणि मुनीम माऊसला हात न लावता त्यात धडाधड पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाच्या हिशोबाच्या पावत्या, मारतो. शेतकऱ्याचं नाव, कट्टे, क्विंटल, भाव, हमाली, तोलाई, उचल वजा, निव्वळ देणं, एंटर, संपलं. सोयाबीनच्या सीझनमध्ये दसरा-दिवाळीच्या गर्दीत एवढ्या वेगानं काम करणारं दुसरं काही मला तरी दिसलं नाही, म्हणून तो प्रोग्राम टिकावा असं मला मनापासून वाटतं.

अडचण येते जुना कॉम्प्युटर बसला की. नवा आणला, त्यात डॉसचे प्रोग्राम चालवणारं डॉसबॉक्स टाकलं, प्रोग्राम सुरू झाला, जुना डेटा दिसला, एंट्रीबी होऊ लागली, आणि मग फोन येतो की भाऊ सगळं चालायलंय पण प्रिंट काही येईना गेलंय. तिथून पुढं कुणीतरी सांगतं की हे आता जमणार नाही, नवीन सॉफ्टवेअर घ्या. असं काही नाहीये. प्रिंट निघते, डॉट मॅट्रिक्सवर निघते, लेझरवर निघते, पीडीएफ होऊन व्हॉट्सॲपवर शेतकऱ्याला बी जाते. फक्त क्रमानं जावं लागतं.

एक गोष्ट आधी सांगून ठेवतो, सगळ्या कमांडा मी इथं बोलल्यासारख्या देवनागरीत लिहिल्यात, तुम्ही टाइप करताना इंग्रजी अक्षरात आणि इंग्रजी आकड्यातच टाइप करायच्या.

प्रोग्राम नेमकं करतो काय

विंडोजचा प्रोग्राम प्रिंट काढताना विंडोजला सांगतो, विंडोज ड्रायव्हरला सांगतं, ड्रायव्हर त्या प्रिंटरच्या भाषेत पान तयार करतो. डॉसच्या प्रोग्रामाला यातलं काहीच माहीत नसतं. त्याला फक्त एलपीटी१ नावाचं एक दार माहीत असतं, म्हणजे जुन्या कॉम्प्युटरच्या मागचं २५ भोकांचं रुंद पोर्ट. कधी तो डॉसला सांगून त्या दारात अक्षरं टाकतो, कधी बायोसच्या इंटरप्ट १७ मधून, आणि काही प्रोग्राम तर सरळ ३७८ हेक्स या पत्त्यावर बाइट ढकलतात. ड्रायव्हर वगैरे भानगड नाही, प्रिंटरची भाषा प्रोग्रामाच्या आतच लिहिलेली असते.

नव्या कॉम्प्युटरवर हे दार नसतं. ६४ बिट विंडोजवर डॉसचे प्रोग्राम थेट चालतच नाहीत, कारण प्रोसेसर ६४ बिट मोडमध्ये गेला की जुना व्हर्च्युअल ८०८६ मोड मिळत नाही आणि मायक्रोसॉफ्टनं एनटीव्हीडीएम हा डॉस चालवणारा भाग त्यात ठेवलेलाच नाही. ३२ बिट विंडोज १० मध्ये तो होता, पण विंडोज ११ फक्त ६४ बिटचंच येतं आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणून एम्युलेटर लागतो, म्हणजे नव्या कॉम्प्युटरच्या आत जुन्या कॉम्प्युटरचं सोंग घेणारा प्रोग्राम, डॉसबॉक्स त्यातलंच. आणि इथंच बहुतेकांचं अडतं, कारण मूळ डॉसबॉक्स, ते ०.७४ वालं, गेमसाठी बनवलेलं आहे, त्यात प्रिंटरचं पोर्टच नाही. मग क्लिपरचा प्रोग्राम 'इजप्रिंटर' करून विचारतो, फॉक्सप्रोचा 'सिस १३' करून विचारतो की प्रिंटर तयार आहे का, समोरून कुणीच उत्तर देत नाही, आणि पडद्यावर येतं प्रिंटर नॉट रेडी. लोक इकडं प्रिंटरची केबल बदलत बसतात, आणि प्रिंटरपर्यंत काही पोचलेलंच नसतं.

पाटाचं पाणी शेवटच्या वाफ्यात पोचेना तर आपण विहिरीपासून एकेक दारं बघत जातो, तसंच इथं करायचं. प्रोग्रामातून बाइट निघतात का, एम्युलेटरमधून बाहेर पडतात का, विंडोज ते प्रिंटरकडं देतं का, आणि प्रिंटरला ते कळतात का. चार जोड आहेत, एका वेळी एकच तपासायचा.

पहिलं काम: योग्य एम्युलेटर आणि फायलीत प्रिंट

डॉसबॉक्स-एक्स घ्या. फुकट आहे, विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हीवर चालतं आणि त्यात पॅरलल पोर्टबी आहे आणि आतच एक एप्सनसारखा खोटा प्रिंटरबी आहे. व्हीडॉस नावाचं बी एक आहे, ते खास ऑफिसच्या टेक्स्ट प्रोग्रामासाठीच बनवलेलं, पण मी डॉसबॉक्स-एक्सच धरून सांगतो कारण त्यात सगळ्या वाटा एकाच जागी मिळतात.

इन्स्टॉल करायच्या आधी प्रोग्रामाचं सगळं फोल्डर पेन ड्राइव्हवर कॉपी करून ठेवा, डीबीएफ फायली, एनटीएक्स-सीडीएक्स इंडेक्स, सगळं. मग डॉसबॉक्स-एक्सची कॉन्फ फाइल, म्हणजे सेटिंगची फाइल, नोटपॅडमध्ये उघडा. चौकटी कंसात पॅरलल लिहिलेला एक भाग सापडेल. त्यात पहिली ओळ अशी करा:

पॅरलल१=फाइल टाइमआउट:३०००

याचा अर्थ असा की एलपीटी१ वर जे काही येईल ते एका फायलीत लिही आणि तीन हजार मिलिसेकंद म्हणजे तीन सेकंद काही आलं नाही तर फाइल बंद कर. फाइल कॅप्चर फोल्डरमध्ये तयार होते. डॉसबॉक्स-एक्स बंद करून परत चालू करा, आणि प्रोग्राम सुरू करायच्या आधी नुसत्या डॉस प्रॉम्प्टवर टाइप करा: डीआयआर, मग मोठं-चिन्ह, मग एलपीटी१. तीन सेकंदानं कॅप्चर फोल्डरमध्ये फाइल आली आणि त्यात फोल्डरची यादी दिसली म्हणजे पोर्ट जिवंत आहे. आता प्रोग्राम उघडा आणि एखादी जुनी पट्टी प्रिंटला द्या. प्रिंटर नॉट रेडी आलं नाही आणि फाइल तयार झाली म्हणजे पहिले दोन जोड पास.

ती फाइल आता नोटपॅडमध्ये उघडून नीट बघा, हे काम कुणी करत नाही आणि सगळी माहिती तिथंच असते. नुसती अक्षरं, नावं, आकडे सरळ वाचता येत असतील आणि मधे मधे एखादा चौकोन किंवा विचित्र खूण असेल, विशेषतः सुरुवातीला खूण आणि तिच्यामागं ॲट द रेटचं चिन्ह, तर ही एप्सनची भाषा, ईएससी/पी म्हणतात ती. खुणेमागं कॅपिटल ई, मग अँड-चिन्ह आणि एल अशी अक्षरं दिसली तर प्रोग्राम एचपी लेझरजेटची पीसीएल भाषा बोलायलाय. पहिल्याच ओळीत टक्क्याचं चिन्ह, उद्गारचिन्ह आणि पी-एस असेल तर पोस्टस्क्रिप्ट. आडतीच्या, जिनिंगच्या, पतसंस्थेच्या प्रोग्रामात बहुतेक वेळा पहिलीच असते. ही भाषा कळली की पुढची वाट आपोआप ठरते.

प्रोग्रामाच्या सेटअपमध्ये प्रिंटर निवडायची सोय असेल तर एप्सन एफएक्स किंवा एलएक्स निवडा, एलक्यू हा २४ पिनचा असतो, एफएक्स-एलएक्स ९ पिनचे. आणि पोर्ट एलपीटी१ च राहू द्या, आत बदल करायची गरज पडत नाही.

डॉट मॅट्रिक्स असेल तर

एप्सन एलएक्स-३१०, एलएक्स-३००, टीव्हीएसचा एमएसपी २५०, असला प्रिंटर असेल तर काम लई सोपं, कारण प्रोग्रामाची भाषा त्याला जन्मापासून येते. आपल्याला फक्त बाइट जसेच्या तसे त्याच्यापर्यंत न्यायचेत. आणि मी तर म्हणेन की डॉट मॅट्रिक्स असेल तर तो विकू नका, तीन प्रतींची कार्बनलेस पट्टी एका ठोक्यात काढायला दुसरा पर्याय नाही, आणि रिबीनचा खर्च टोनरच्या मानानं काहीच नाही.

यूएसबी केबलनं प्रिंटर जोडा, विंडोजमध्ये त्याचा ड्रायव्हर टाका, मिळाला नाही तर जेनेरिक टेक्स्ट ओन्ली नावाचा विंडोजमधलाच ड्रायव्हर टाका, आपल्या कामाला तेवढा पुरतो. मग प्रिंटर प्रॉपर्टीजमध्ये जाऊन शेअरिंगच्या टॅबमध्ये शेअर करा आणि शेअरचं नाव छोटं, स्पेस नसलेलं ठेवा, समजा एलएक्स. त्यानंतर कमांड प्रॉम्प्ट उघडा, साधाच उघडा, रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर नको, आणि टाइप करा:

नेट यूज एलपीटी१: \\लोकलहोस्ट\एलएक्स /पर्सिस्टंट:येस

आता विंडोजला वाटायला लागतं की एलपीटी१ आहे आणि तिथं आलेलं सगळं त्या शेअर केलेल्या प्रिंटरकडं द्यायचं. ॲडमिन होऊन ही कमांड दिली तर ते जोडणं फक्त ॲडमिनच्या प्रोग्रामांना दिसतं, साध्या डबल क्लिकनं उघडलेल्या डॉसबॉक्स-एक्सला दिसत नाही, आणि मग माणूस चक्रावून जातो, म्हणून साधंच उघडा असं म्हणायलोय. लोकलहोस्ट चालेना तर त्या जागी कॉम्प्युटरचं नाव टाका. ॲक्सेस डिनाइड आलं, आणि कॉम्प्युटरला मागं खरंच पॅरलल पोर्ट असेल, तर एलपीटी१ ऐवजी एलपीटी२ ला जोडा, आतल्या प्रोग्रामाला त्यानं काही फरक पडत नाही. आत एलपीटी१ आणि बाहेर एलपीटी२ असं खुशाल चालतं, फक्त खालच्या कॉपी कमांडमध्ये आणि डेव्हच्या पुढं बी मग एलपीटी२ लिहा.

लगेच डॉसबॉक्समध्ये पळू नका. आधी तिसरा जोड तपासा. मघाशी कॅप्चर फोल्डरमध्ये जी फाइल तयार झाली ती या कमांडनं प्रिंटरला द्या: कॉपी, स्पेस, तिरकी रेघ बी, स्पेस, फायलीचं नाव, स्पेस, एलपीटी१. तिरकी रेघ बी विसरू नका, ती नसली तर कॉपी कमांड फायलीला साधा मजकूर समजते आणि २६ नंबरचा बाइट दिसला की तिथंच थांबते. पट्टी कागदावर नीट आली म्हणजे विंडोज आणि प्रिंटर दोघं पास, आणि आता कॉन्फ फायलीत ती ओळ अशी करायची:

पॅरलल१=फाइल डेव्ह:एलपीटी१ टाइमआउट:३०००

डेव्ह म्हणजे डी, ई, व्ही. झालं. इथून पुढं मुनीम पूर्वीसारखाच प्रिंटचं बटण दाबेल आणि तीन सेकंदानं खटाखट सुरू होईल. त्या तीन सेकंदाबद्दल सगळेच विचारतात. डॉसचा प्रोग्राम 'माझं झालं' असं कधी सांगत नाही, म्हणून एम्युलेटरला अंदाजच करावा लागतो. टाइमआउट कमी केला तर पट्टी लवकर येते, पण खातेउताऱ्यासारखा मोठा रिपोर्ट, जो हिशोब करत करत थांबून थांबून छापतो, तो मधेच तुटून दोन-तीन तुकड्यात जातो. नुसत्या पट्ट्याच काढत असाल तर १००० ठेवा, मोठे रिपोर्ट असतील तर ५०००.

ज्यांच्याकडं खरं पॅरलल पोर्ट आणि जुनी सेंट्रॉनिक्स केबल आहे त्यांच्यासाठी रिअलएलपीटी नावाचा पर्याय बी आहे, पण त्याला पोर्टवर थेट हात घालायची परवानगी लागते आणि वरून बसवलेल्या पीसीआय कार्डाचा पत्ता बहुतेक वेळा ३७८ नसतो. पोर्ट खरं असलं तरी डेव्ह वालीच वाट घ्या.

लेझर किंवा इंकजेट असेल तर

इथं लोक सगळ्यात जास्त फसतात. वरची नेट यूज वाली पद्धत साध्या लेझरवर लावली की प्रिंटरचा दिवा लुकलुकतो आणि काहीच येत नाही, किंवा कचरा छापलेली पानं येतात. कारण कॅननचा एलबीपी२९००, एचपीचा लेझरजेट १०२० हे आपल्याकडं घरोघरी असलेले प्रिंटर स्वतः काहीच समजत नाहीत, पान तयार करायचं सगळं काम त्यांचा विंडोजमधला ड्रायव्हर करतो. त्यांना ईएससी/पी कळत नाही, साधी अक्षरंसुद्धा कळत नाहीत. म्हणजे चौथा जोड इथं तुटलेला आहे आणि तो केबलनं जुळणार नाही, मधे भाषांतर करणारा कुणीतरी लागतो.

तो भाषांतर करणारा डॉसबॉक्स-एक्सच्या आत बसलेला आहे. पॅरललच्या भागात ओळ करा: पॅरलल१=प्रिंटर. आणि चौकटी कंसात प्रिंटर लिहिलेल्या दुसऱ्या भागात ह्या गोष्टी भरा: प्रिंटर=ट्रू, डीपीआय=३६०, विड्थ=८३, हाइट=११७, प्रिंटआउटपुट=प्रिंटर, मल्टीपेज=ट्रू, टाइमआउट=३०००. विड्थ आणि हाइट हे इंचाच्या दहाव्या भागात असतात, म्हणून ए४ साठी ८३ आणि ११७. आता हा खोटा एप्सन प्रोग्रामाचे बाइट वाचतो, ठळक, बारीक, रुंद अक्षरांचे कोड समजून घेतो, पानाचं चित्र बनवतो आणि ते विंडोजच्या नेहमीच्या प्रिंटरला देतो. विंडोजची प्रिंट खिडकी उघडली की त्यात कुठलाबी प्रिंटर निवडा, पीडीएफ हवी असेल तर मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ निवडा, पट्टीची पीडीएफ तयार. गावाकडच्या शेतकऱ्याला पट्टी व्हॉट्सॲपवर पाठवायची सोय एवढ्यातच होऊन जाते, आणि पट्टी हरवली म्हणून परत मोंढ्यावर चक्कर मारायची वेळ त्याच्यावर येत नाही.

प्रिंटआउटपुटमध्ये पीएनजी किंवा पीएस बी लिहिता येतं, मग कागदाऐवजी चित्राची किंवा पोस्टस्क्रिप्टची फाइल डॉकपाथमध्ये सांगितलेल्या फोल्डरात पडते. अक्षरं उमटेनात आणि पान कोरंच येत असेल तर फाँट बघा. फाँटपाथ नावाच्या ओळीत जे फोल्डर आहे त्यात कुरिअर, रोमन, सॅन्ससेरिफ, स्क्रिप्ट आणि ओसीआरए या टीटीएफ फायली लागतात.

फायलीत पीसीएल सापडली असेल तर खोटा एप्सन उपयोगाचा नाही, तिथं फायलीत प्रिंट घ्या आणि घोस्टपीसीएल नावाच्या फुकट प्रोग्रामानं पीडीएफ करा. पोस्टस्क्रिप्ट असेल तर घोस्टस्क्रिप्ट. दोन्ही एकाच घरचे आहेत. डॉसबॉक्स-एक्सच्या फाइलवाल्या ओळीत ओपनपीएस, ओपनपीसीएल आणि ओपनविथ असे पर्याय आहेत, फाइल बंद झाली की सांगितलेला प्रोग्राम आपोआप उघडतो, म्हणजे रोज हातानं करत बसायला नको.

कागद सरकतो त्याचं काय

प्रिंट आली, पण पहिली पट्टी नीट, दुसरी दोन बोटं वर, तिसरी पार फाटायच्या रेषेवर. ही तक्रार इतक्यांदा येते की तिला वेगळी जागा देतो. डॉट मॅट्रिक्स एका इंचात ६ ओळी छापतो. प्रिंटरच्या डोक्यात बऱ्याचदा ११ इंची पान बसलेलं असतं, म्हणजे ६६ ओळी. आपल्याकडं स्टेशनरीवाला देतो तो कागद १० बाय १२, म्हणजे १२ इंच, ७२ ओळी. प्रोग्राम पान संपलं की फॉर्म फीड पाठवतो, प्रिंटर त्याच्या हिशोबानं ६६ वर थांबतो, आणि दर पानाला एक इंचाचा फरक पडत जातो. अर्ध्या कागदाची पट्टी असेल तर ६ इंच, ३६ ओळी.

उपाय दोन. एकतर प्रिंटरच्या डिफॉल्ट सेटिंगमध्ये पेज लेंग्थ १२ इंच करा, बटणं दाबून होतं, कुठली ते त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये. नाहीतर प्रोग्रामाच्या सेटअपमध्ये सुरुवातीचे कोड भरायची जागा असेल तर २७, ६७, ७२ असे तीन आकडे टाका, म्हणजे एस्केप, कॅपिटल सी, आणि ओळींची संख्या. अर्ध्या पानाला शेवटचा आकडा ३६. हा दुसरा उपाय मला जास्त आवडतो, कारण प्रिंटर बदलला तरी सेटिंग प्रोग्रामासोबत राहतं.

लेझरवर उलटी गंमत होते, ७२ ओळींचा रिपोर्ट ११.७ इंचाच्या ए४ वर बसत नाही आणि शेवटच्या दोन ओळी, ज्यात नेमकी बेरीज असते, पुढच्या पानावर जातात. मग हाइट १२० करा आणि प्रिंटरच्या सेटिंगमध्ये फिट टू पेज करा, अक्षर किंचित बारीक होतं पण सगळं एका पानात येतं.

आडवा रिपोर्ट अर्धा कापला जात असेल तर कंडेन्स्ड मोड लागत नाहीये असं समजा. साध्या अक्षरात ८ इंचात ८० अक्षरं बसतात, कंडेन्स्डमध्ये १३७ च्या आसपास. त्याचा कोड १५, आणि बंद करायचा १८. फायलीत हा १५ नंबरचा बाइट आहे का ते बघा, नसेल तर प्रोग्रामाच्या प्रिंटर सेटअपमध्ये भरा. एक रिपोर्ट बारीक छापल्यावर पुढच्या पट्ट्याबी बारीकच येत असतील तर शेवटचे कोड या जागी १८ राहिलाय. सगळं गुंतलं तर २७ आणि ६४, म्हणजे रिसेट.

तक्त्याच्या रेषांच्या जागी तिरकी इंग्रजी अक्षरं छापायलीत का? तर प्रिंटरमध्ये कॅरेक्टर टेबल इटॅलिक राहिलंय, ते पीसी४३७ करा, किंवा कोड २७, ११६, १ पाठवा. ओळी जिन्यासारख्या तिरक्या उतरत असतील तर ओळ संपल्यावर परत डावीकडं यायचा कोड मिळत नाहीये, आणि प्रत्येक ओळीमागं एक ओळ रिकामी जात असेल तर प्रिंटरचं ऑटो एलएफ चालू आहे, ते बंद करा.

आणि ज्यांच्या प्रोग्रामात त्या काळी सी-डॅकचं जिस्ट कार्ड लावून देवनागरी चालायची त्यांना स्पष्ट सांगतो, ते कार्ड एम्युलेटरमध्ये नाही, त्यामुळं मराठी नावांच्या जागी चिन्हं दिसतील. आकडे आणि हिशोब मात्र शाबूत असतात, प्रिंटबी वरच्याच पद्धतीनं निघते.

विंडोज ९८ किंवा एक्सपी आत चालवत असाल तर

काही प्रोग्राम डॉसचे नसून जुन्या विंडोजचे असतात, त्यासाठी लोक व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणाऱ्या प्रोग्रामात, एक्सपी चालवतात. इथं तीन वाटा आहेत. यूएसबी प्रिंटर सरळ आत देऊन टाकायचा, डिव्हायसेस मेनूतून यूएसबीमध्ये जाऊन त्याच्यावर टिक करायची आणि एक्सपीमध्ये ड्रायव्हर टाकायचा, पण मग बाहेरच्या विंडोजला तो प्रिंटर दिसत नाही. दुसरी, प्रिंटर नेटवर्कचा असेल तर एक्सपीमध्ये स्टँडर्ड टीसीपी आयपी पोर्ट करून प्रिंटरचा आयपी आणि ९१०० पोर्ट द्यायचा.

तिसरी वाट मला सगळ्यात चांगली वाटते आणि ती कमी लोकांना माहीत आहे. आत ॲपल लेझररायटरसारखा पोस्टस्क्रिप्टचा ड्रायव्हर टाकायचा, तो एक्सपी-९८ मध्ये आधीपासूनच असतो, आणि प्रिंट फायलीत काढायची. ती फाइल शेअर्ड फोल्डरमधून बाहेर आणून घोस्टस्क्रिप्टनं पीडीएफ केली की जगातल्या कुठल्याबी प्रिंटरवर जाते, नव्या प्रिंटरचा एक्सपीचा ड्रायव्हर शोधत भटकायला नको. बाहेर लिनक्स असेल तर फायलीचीबी गरज नाही, एक्सपीमध्ये इंटरनेट प्रिंटर म्हणून १०.०.२.२ हा पत्ता, ६३१ पोर्ट आणि कप्समधलं, म्हणजे लिनक्सचं प्रिंटिंग सांभाळणाऱ्या प्रोग्रामातलं, प्रिंटरचं नाव द्या, कप्स पोस्टस्क्रिप्ट घेऊन पुढचं बघतं. बॅड रिक्वेस्ट असं आलं तर कप्सच्या कॉन्फ फायलीत सर्व्हरएलियास आणि पुढं ताऱ्याचं चिन्ह (*) अशी ओळ घाला. व्हर्च्युअलबॉक्ससारखंच दुसरं क्यूईएमयू वापरत असाल तर पॅरलल फाइल असा पर्याय देऊन एलपीटी१ सरळ फायलीत घेता येतं, ९८ साठी हे फार सोयीचं. एक्सपीला इंटरनेट मात्र देऊ नका.

लिनक्स आणि वाइन

लिनक्सवर डॉसबॉक्स-एक्सची गोष्ट तीच, फक्त नेट यूज नाही. फाइलवाल्या ओळीत ओपनविथ देऊन एक छोटी स्क्रिप्ट लावा, जिच्यात एलपी कमांडला डॅश ओ रॉ असा पर्याय देऊन फाइल पाठवलेली असेल, म्हणजे कप्स त्यात ढवळाढवळ न करता बाइट जसेच्या तसे डॉट मॅट्रिक्सला देतं. डॉसएमू, म्हणजे लिनक्सवरचा दुसरा डॉस एम्युलेटर, वापरणाऱ्यांना तर त्याच्या कॉन्फमध्ये एलपीटी१ समोर एलपीआर डॅश एल एवढं लिहिलं की पुरतं.

वाइन म्हणजे लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणारं, त्यात वेगळा ड्रायव्हर टाकायचा नसतो, कप्समध्ये जे प्रिंटर आहेत तेच वाइनमधल्या प्रोग्रामाला दिसतात. प्रिंटर दिसतच नसेल आणि प्रोग्राम ३२ बिटचा असेल, तर बऱ्याचदा ३२ बिटची लिबकप्स लायब्ररी टाकायची राहिलेली असते. वाइनमधला प्रोग्राम थेट एलपीटी१ वर छापत असेल तर होम फोल्डरमधल्या डॉटवाइनच्या आत डॉसडिव्हायसेस फोल्डर आहे, तिथं एलपीटी१ नावाची लिंक करून ती डेव्ह, यूएसबी, एलपी० कडं वळवा, आणि आपला यूजर एलपी ग्रुपमध्ये आहे का ते बघा, नाहीतर परवानगी मिळत नाही.

तरीबी येईना गेलं तर

परत फायलीवर या. फाइल रिकामी असेल तर दोष प्रोग्रामात, बहुतेक वेळा तो एलपीटी२ वर नाहीतर 'प्रिंट टू स्क्रीन' वर सेट असतो. फाइल भरलेली आहे आणि कॉपी कमांडनं कागद येत नाही तर दोष विंडोजच्या शेअरिंगचा, प्रिंटर पॉज तर नाही ना, यूएसबीचं भोक बदलल्यानं त्याच प्रिंटरची दुसरी कॉपी तर तयार झाली नाही ना आणि शेअर जुन्याच कॉपीचं तर नाही ना, हे बघा. लाइट गेली-आली की हा प्रकार हमखास होतो असं नाही, पण केबल काढून दुसऱ्या भोकात लावली की होतो. कागद येतो पण मजकूर चुकीचा, तर एप्सनच्या डॉट मॅट्रिक्समध्ये हेक्स डम्प नावाचा मोड असतो, बटणं दाबून चालू केला की आलेला प्रत्येक बाइट तो आकड्यात छापतो, आणि त्याची फायलीशी तुलना केली की कुठं बदल झाला ते लगेच कळतं.

सगळं सुरळीत झालं की कॉन्फ फाइल आणि मघाची चाचणीची पट्टी, दोन्ही प्रोग्रामाच्या बॅकअपसोबत त्याच पेन ड्राइव्हवर ठेवा, आणि नेट यूजची कमांड एका बॅच फायलीत लिहून डेस्कटॉपवर मुनीमाला दिसेल अशी ठेवा, विंडोज अपडेटनंतर जोडणं तुटलं तर त्यानं दोनदा क्लिक केलं की पट्ट्या परत सुरू.